सात खोकी गहू

माझ्या नवऱ्याच्या अंगात रक्त कमी निघालं, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "मग गेलं कुठं?" तो चिडला. पण माझा प्रश्न बरोबर होता. दोन वेळचं मीच करून घालत होते आणि त्याच्या ताटात कधी काही उरत नव्हतं.

तेव्हा तारापूरला अणुविजेच्या प्लँटचं बांधकाम चालू होतं. आम्ही नगरकडचे. गावी आमची जमीन पाटाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाटाचं पाणी डोळ्यांना दिसायचं, शेताला मिळायचं नाही. नवरा फिटरचं काम शिकला, ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागला आणि मला घेऊन बोईसरला आला. दोन वर्षांनी त्याचं नाव कायम नोकरीच्या यादीत आलं. त्याआधी डॉक्टरची तपासणी होती. डॉक्टरनं बोटाला सुई टोचली, टीपकागदावर रक्ताचा थेंब घेतला, लाल रंगाच्या पट्टीशी ताडून पाहिला आणि सांगितलं, "फिकं आहे. महिन्यानं परत ये. तेव्हाही असंच निघालं तर यादीतून नाव जाईल." जंतांचं औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या.

ठेकेदाराचं काम संपत आलं होतं. यादीतून नाव गेलं असतं तर आम्हाला गाठोडं बांधून गावी जावं लागलं असतं, आणि गावी माझी जागा सासूबाईंच्या चुलीपुढं ठरलेली होती. सासूबाई वाईट नव्हत्या. फक्त मीठ किती घालायचं हे त्यांनी आयुष्यात कोणाला ठरवू दिलं नाही. बोईसरला मला दोन खोल्या होत्या, माझी चूल होती, माझं मीठ होतं. नवऱ्याच्या रक्ताची मला काळजी होती, नव्हती असं म्हणत नाही. पण त्या दोन खोल्यांची जास्त होती.

नवऱ्यानं गावी कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी सासरे पिशवी घेऊन दारात हजर. त्यांनी आयुष्यभर पाटकऱ्याचं काम केलेलं, म्हणजे पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी आणि किती वेळ सोडायचं ते ठरवणारा माणूस. निवृत्त झाले तरी सवय गेली नव्हती. आल्या आल्या त्यांनी आमच्या मडक्यातलं पाणी किती, कुठून येतं, कोण आणतं, हे विचारून घेतलं. मग पिशवीतून एक चोपडी काढली. निसर्गोपचाराची. गावात कोणी साधू-बैरागी येऊन गेला होता, त्यानं दिलेली. तिच्यात लिहिलं होतं की गव्हाचे कोवळे अंकुर कापून त्यांचा रस रोज उपाशीपोटी घेतला की रक्त वाढतं.

"सूनबाई, गहू किती आहेत घरात?"

"रेशनचे आहेत. पोळ्यांपुरते."

"पोळ्या बंद," मामंजी म्हणाले.

रेशनला तेव्हा गहू मिळायचे ते परदेशातून आलेले, लालसर. त्यांची पोळी चिवट व्हायची, पण पोळी ती पोळीच. बाकी दिवस मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. तर ते गहू मामंजींनी ताब्यात घेतले. वाणगावच्या बाजारात जाऊन फळांची लाकडी खोकी आणली, सात. प्रत्येक खोकं करवतीनं बुटकं करून घेतलं, टीचभर उंचीचं. घरमालकीणकाकींच्या शेतातली माती आणि उकिरड्यावरचं जुनं खत चाळून त्यांत भरलं. रोज ओंजळभर गहू भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एका खोक्यात पसरायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि ओलं गोणपाट टाकायचं. असं सात दिवस सात खोकी. आठव्या दिवशी पहिलं खोकं वीतभर वाढलेलं असतं. ते कापायचं, माती बदलून लगेच पुन्हा पेरायचं.

खोकी मागच्या पडवीत मांडली होती. मामंजी त्यांना पाणी देत ते हातानं शिंपडून, आणि पाळीनं. एका खोक्याची पाळी चुकून दुसऱ्याला दिली तर मला बोलणं बसायचं. "खालच्याचं पाणी वरच्याला दिलंस तर खालचा काठी घेऊन येतो, माहीत आहे का?" ते म्हणायचे. मी म्हणायची, "मामंजी, हे खोकं काठी घेऊन आलं तर मी बघून घेईन." त्यांना हसू यायचं, पण पाळी सोडली नाही.

मामंजी पिकवायचे, मी वाटायची आणि नवरा प्यायचा. तिघांत खूश फक्त मामंजी होते. ते पहाटे कात्रीनं पाती कापून आणायचे, जणू केशर आणलंय. मी ती पाट्यावर दोन चमचे पाणी घालून वाटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायची. अर्धा पेला हिरवागार रस निघायचा. वास असा, की बैलाच्या दावणीशी तोंड धुतल्यासारखं वाटायचं. नवरा नाक दाबून एका दमात प्यायला बघायचा, तर मामंजी पुढ्यात बसलेले.

"गटकू नको. एक एक घोट घे. तोंडात घोळव."

"दादा, कामावर न्यायचा ट्रक निघून जाईल."

"ट्रक जाऊ दे. रक्त राहू दे."

नवरा घोळवायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. मी तोंडाला पदर लावून भांडी घासायला जायची. चोपडीत चहा बंद होता, म्हणून तोंडाची चव घालवायला दुसरं काही मिळायचं नाही. तो तसाच हिरव्या दातांनी कामावर जायचा. त्याच्या टोळीत यूपीचे मजूर होते. ते म्हणायचे, "आ गए भैया, सुबह सुबह चर के?" हे त्यानंच येऊन सांगितलं, आणि सांगून पस्तावला, कारण दुसऱ्या दिवशी रस पुढं ठेवताना मीही तेच म्हटलं.

डॉक्टरच्या गोळ्यांना चोपडीची बंदी होती. मामंजींनी त्या देव्हाऱ्यामागं ठेवल्या होत्या. मी रोज एक काढून नवऱ्याच्या हातावर ठेवायची, पाणवठ्याच्या बाजूला नेऊन. मामंजींपासून लपवलं, यात मला काही वाटलं नाही. दोन खोल्यांसाठी मी चार देवांना नवस बोलायला तयार होते, तिथं गोळी आणि गवत दोन्ही चालवून घ्यायला काय हरकत होती?

आता घरमालकीणकाकींचं सांगते. त्या तिथल्याच. माहेर मासवणकडचं. घराला लागून त्यांची भातशेती होती. त्यांना दिवसभर चिखलात उभं राहिलं तरी कंबर दुखत नसे, आणि कोणाचं काम अडलेलं दिसलं की राहवत नसे. एक दिवस त्या मागच्या दारानं आल्या आणि खोक्यांपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पावसाळ्याचे दिवस. सगळीकडे भाताची लावणी चाललेली. तिकडे भाताच्या रोपांना आवण म्हणतात. एका वाफ्यात दाट पेरून ती वाढवायची, मग उपटून शेतात चिखल करून लावायची.

"वयनी, ह्ये आवन कोनाचं?"

"मामंजींचं."

"बराच दाट टाकलाय की. लावनार कुटं?"

मी चेष्टा करते तेव्हा माझं तोंड हलत नाही, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, "तुमच्याच अंगणात. माणसं मिळाली की."

"मानसं काय, आमी हाव की," काकी म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, त्यांनीही चेष्टाच केली.

घरात गव्हाची गोष्ट चालू आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं रक्त कमी आहे हे मी भाड्याच्या घरात कशाला बोलून दाखवू? आणि कोवळं असताना गहू काय नि भात काय, सारखंच दिसतं. त्या भागात गहू पिकत नव्हताच. काकींनी गव्हाचं रोप जन्मात बघितलं नसणार. आम्ही कापायचो ते पहाटे, त्या तेव्हा गोठ्यात असायच्या.

रस सुरू होऊन आठ-नऊ दिवस झाले आणि घरातले गहू संपले. तपासणीला अजून नऊ दिवस होते. मामंजींनी माहिती काढली की पालघरला स्टेशनाजवळ एक घर आहे, नुसतं भातावर जगणारं, त्यांना रेशनचे गहू नको असतात. आपले रेशनचे तांदूळ द्यायचे, त्यांचे गहू घ्यायचे. एका सकाळी आम्ही दोघं तांदळाची पिशवी घेऊन पालघरला गेलो. जायच्या आधी मामंजींनी सगळ्या खोक्यांना पाळी दिली आणि गोणपाट काढून ठेवलं, हवा लागावी म्हणून.

गहू मिळाले. चांगले दोन शेर. मामंजी येताना गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. मामंजी थेट मागच्या पडवीत गेले. मी पाय धूत होते. ते झाल्यावर मीही मागं गेले.

सातांपैकी चार खोकी रिकामी. नुसती रिकामी नव्हेत, धुऊन पालथी घातलेली. बाकी तिघांत पाती अजून बोटभर होती, ती तशीच होती. आणि मागच्या अंगणात, जिथं आम्ही भांडी घासायचो त्याच्या पलीकडं, चिखल करून, दोरी धरल्यासारख्या ओळींत, चूड चूड करून आमचे गहू लावलेले. वर पाणी तुंबवलेलं. एकेका चुडात चार-पाच काड्या, भातासारख्या.

काकी आणि त्यांच्या शेतावरच्या तीन बायका पडवीच्या कडेला बसून पायांचा चिखल धूत होत्या.

"बाबा, तुमचं आवन पार वर आलेलं," काकी म्हणाल्या. "अजून दोन दिस ऱ्हातं तर पिवलं पडलं असतं. आमची लावनी आज दुपारला आटपली, म्हटलं चला, वयनीचं करून टाकू. ते बारकं हाय ते ठेवलाय, ते मागनं लावू."

मामंजी खाली बसले. पायरीवर नाही, जमिनीवरच. मी त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यभर पाण्यावरून भांडणं सोडवलेला माणूस, अंगणात तुंबलेल्या पाण्याकडं बघत होता. गव्हाच्या मुळाशी पाणी साठलं की गहू कुजतो हे त्यांना माहीत. भाताच्या मुळाशी पाणी नसलं की भात मरतो हे काकींना माहीत. दोघांचंही ज्ञान पक्कं. आणि मधे मी, जिनं तोंड न हलवता चेष्टा केली.

"काय वो बाबा, ओल लागली काय?" एक बाई म्हणाली.

"नाही," मामंजी म्हणाले. "लावणी... छान झाली."

त्यांनी मला तेव्हाच दोन शब्द ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं. पण चार बायका आपलं काम संपवून, दमलेल्या अंगानं, न बोलावता आल्या होत्या. तिथं कोण काय बोलणार? तेवढ्यात काकींनी हसत सांगितलं की लावणी करणाऱ्या बायकांना मालकानं जेवण घालायचं असतं, ती रीत आहे. "काय बी चालंल. गोड असलं तर बरं."

घरात गोड करण्यासारखं काही नव्हतं. गूळ होता, आणि पालघरचे गहू होते.

मी पिशवीकडं बघितलं. मामंजींनी पिशवी पोटाशी धरली.

"सूनबाई, नऊ दिवस राहिलेत."

"मामंजी, यांना तसंच पाठवलं तर त्या उद्या सकाळी आपल्याकडं बघतील का?"

त्यांनी पिशवी दिली. मी जात्यावर गहू जाडसर भरडले आणि भरपूर गूळ घालून लापशी केली. चार बायका, आम्ही तिघं आणि काकींचे यजमान, त्यांतच सगळा भरडा संपला. काकींनी त्यांच्या घरून शेतातल्या चिंबोऱ्यांचं कालवण आणलं, चांगलं टोपभर. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. नवरा कामावरून आला तो वास घेतच आला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मामंजींकडं न बघता त्यानं पाच खेकडे फोडून खाल्ले. मामंजी माळकरी नव्हते, पण चोपडीला बांधलेले. ते लापशीचा घास हातात धरून मुलाच्या तोंडाकडं बघत होते. तो खेकड्याच्या नांग्या चोखत होता, एक एक, तोंडात घोळवून.

रात्री नवऱ्यानं मला विचारलं, "उद्या रस?"

"तुझा रस अंगणात उभा आहे," मी म्हटलं.

तो इतका हसला की मामंजी बाहेरून खाकरले.

मामंजींनी तरी हार मानली नव्हती. सकाळी ते कात्री घेऊन अंगणात उतरले, धोतर वर खोचून, चिखलातून. एका चुडापाशी वाकले तोच काकी गोठ्यातून ओरडत आल्या. "आवो बाबा, काय करताव! कालच्याला लावलेलं कोन कापतो? मातीत मूल धरू द्या!" मामंजींनी कात्री पाठीमागं लपवली. मी खिडकीतून बघत होते. साठीच्या पुढचा माणूस, चोरी सापडलेल्या शाळकरी पोरासारखा. मग तिथंच चिखलात उभं राहून त्यांनी काकींना सगळं सांगितलं. मुलाचं रक्त, डॉक्टर, यादी, चोपडी, सगळं. जे मी तीन आठवडे झाकून ठेवलं होतं ते त्यांनी पाच मिनिटांत अंगणात मांडलं.

काकी कपाळाला हात लावून खाली बसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वयनी, तुमी बोल्लात का नाय मला? मी काय गावात दवंडी दिली असती?"

चूक माझ्या जिभेची होती, दोन वेळा. एकदा नको तिथं चालली म्हणून आणि एकदा हवी तिथं चालली नाही म्हणून. मी त्यांना तसं सरळ सांगितलं. त्यांना ते पुरलं.

त्या दिवसापासून काकींनी नवऱ्याचं रक्त आपल्या हातात घेतलं. रोज संध्याकाळी कधी चिंबोऱ्या, कधी सुका जवळा, कधी नाचणीची भाकरी आणि कुरडूची भाजी. "रगत खान्यातनं येतं, चरन्यातनं नाय," असं त्या मामंजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. मामंजी म्हणायचे, "बैल काय खातो? त्याला रक्त नाही का?" काकी म्हणायच्या, "मग नांगराला जुंपा की लेकाला, नोकरीला कशाला पाटवता!" ही भांडणं दोघांनाही आवडायला लागली होती. राहिलेली तीन खोकी वाढली तशी मामंजींनी तपासणीच्या आधीचे तीन दिवस रस पाजून घेतला. गोळ्या माझ्या चालूच होत्या. नवऱ्याची परिस्थिती अशी, की सकाळी गवत, मागोमाग गोळी, संध्याकाळी खेकडा. त्यानं कोणालाच नाही म्हटलं नाही. नोकरी त्याला हवी होती.

तपासणीच्या दिवशी मामंजी त्याच्याबरोबर गेले. मी घरी होते. सकाळपासून मी दोन्ही खोल्या सारवल्या. का, ते माझं मला माहीत नाही. आपण इथं राहणार म्हणून, की सोडून जाताना स्वच्छ द्याव्या म्हणून. काकी दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा उंबऱ्यावर बसून राहिल्या.

दोघं दुपारी आले. नवरा पुढं, मामंजी मागं. नवऱ्याच्या तोंडावरून मला काही कळेना, त्याचं तोंड सुखदुःखात सारखंच. मी विचारलं, "काय झालं?"

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"पास झालं. पुढच्या महिन्यापासून कायम."

मी आत जाऊन चूल पेटवली आणि महिन्यानं पहिल्यांदा चहा टाकला. दवाखान्यातलं मग दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं. मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टर थक्क झाला. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरनं खालची पापणी ओढून बघितली, टीपकागद बघितला, सही केली आणि पुढच्याला हाक मारली. तेव्हा मामंजी टेबलाशी जाऊन म्हणाले, "साहेब, गव्हाच्या रसानं झालं, हे कागदावर लिहा." डॉक्टर म्हणाला, "आजोबा, या कागदावर तेवढी जागा नाही."

काकी म्हणाल्या, "चिंबोरीला पन नसंल जागा." मी गोळ्यांचं बोलले नाही. बोलून माझ्या खोल्या तीन होणार नव्हत्या.

मामंजी दुसऱ्या दिवशी गावी जायचे होते. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला दारातल्या उजेडात बोलावलं आणि डॉक्टरसारखी माझी खालची पापणी ओढून बघितली.

"सूनबाई, तुझं तर याच्याहून फिकं आहे."

"मला कुठं कायम करायचंय, मामंजी?"

ते हसले नाहीत. जाणं पुढं ढकललं. पुढच्या रेशनचे गहू मी गिरणीत न्यायच्या आधी त्यांनी एक ओंजळ काढून घेतली, एका खोक्यात पेरली, आणि आठ दिवस त्या एका खोक्याची पाळी सांभाळत बसले. मग स्वतः पाट्यावर बसून पाती वाटली. नीट वाटली गेली नाहीत, रसात काड्या राहिल्या. पेला माझ्या हातात दिला आणि पुढ्यात बसले.

मी एक घोट घेतला. नवरा इतके दिवस जे प्यायला ते इतकं वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. मामंजी म्हणाले, "घोळव." मी घोळवलं. नवरा दारात उभा राहून बघत होता, तोंडावर कधी नव्हे ते समाधान. अर्धा संपला तेव्हा मी उरलेला पेला त्याच्यापुढं केला.

"मी पास झालोय," तो म्हणाला, आणि डबा उचलून ट्रक गाठायला गेला.